आधी बेतणी, मग फोम: घरच्या घरी सुपरहिरोचं चिलखत

गुरुवारी शाळेच्या ग्रुपवर निरोप आला, ‘शनिवारी वेशभूषा स्पर्धा’. मी तिसरीतल्या भाच्याला समोर उभं केलं, फोमची शीट त्याच्या छातीवर धरली, पेनने अंदाजे रेघा मारल्या आणि कापायला घेतलं. उजवा खांदा बरा बसला, डावा कानापर्यंत आला. त्याने हात वर केला की अख्खं चिलखत उचलून हनुवटीला लागायचं. हे काम शिंप्याचं आहे, हे मला तेव्हा कळलं. माप, बेतणी, आणि कापणी सगळ्यात शेवटी. एक पूर्ण रविवार आणि नंतरच्या दोन संध्याकाळी हाताशी ठेवा.

सामान

फोम म्हणजे गादीतला स्पंज नव्हे. आपल्याला ईव्हीए फोम हवा, रबरासारखा लवचीक, चपलांच्या तळव्यांना वापरतात तो. स्टेशनरीच्या दुकानात रंगीत ए-फोर शीट मिळतात, त्या साधारण २ मिमी जाडीच्या असतात. त्या मुखवट्याला आणि नक्षीला चालतात. छातीसाठी ५ ते ६ मिमी जाडी हवी. ती नाही मिळाली तर रांगत्या बाळासाठी खोलीत अंथरतात त्या एकमेकींत अडकणाऱ्या चटया घ्या. बहुतेक त्याच फोमच्या असतात, फक्त १० मिमीच्या आसपास जाड. खडबडीत बाजू आत ठेवायची. पुण्यात असाल तर बोहरी आळीत, मुंबईत असाल तर अब्दुल रहमान स्ट्रीटच्या दुकानांत एक चक्कर मारा.

याशिवाय मास्किंग टेप, नव्या पात्याचा कटर, फेव्हिबॉन्डसारखा कॉन्टॅक्ट गोंद, पांढरं फेव्हिकॉल, ॲक्रिलिक रंग, वेल्क्रो, रुंद इलॅस्टिक आणि पाठीवरच्या झुलीसाठी मीटरभर साटन.

बेतणी

मुलाला फाडायला हरकत नाही असा जुना टी-शर्ट घाला. छाती, खांदे आणि पाठीवर मास्किंग टेपच्या पट्ट्या चिकटवा, एक थर आडवा, एक उभा. पोरगं पाच मिनिटांत वळवळायला लागतं, तेव्हा कार्टून लावून द्या. मग टेपवरच मार्करने गळ्यापासून बेंबीपर्यंत मध्यरेघ मारा आणि गळा, बगल, खालची कड आखा. खालची कड बेंबीच्या चार बोटं वर थांबवा, नाहीतर बसल्यावर चिलखत वर सरकतं. बगलही मोठी कोरा.

आता फक्त उजव्या अर्ध्या भागाकडे बघा, डावा त्याच्यावरून उलटा काढायचा आहे. खांद्यावर आणि कुशीत जिथे जोड येणार तिथे रेघ मारा. प्रत्येक तुकड्याला नंबर द्या, आणि जोडाच्या रेघेला दर ५ सेंमीवर आडवी खूण करा. चिकटवताना खुणेला खूण जुळली की तुकडा तिरका जात नाही. या खुणा मी एकदा गाळल्या होत्या. दोन सारखे दिसणारे तुकडे हातात घेऊन अर्धा तास बसलो.

टी-शर्ट पाठीकडून कापून उतरवा, रेघांवरून तुकडे सुटे करा आणि टेबलावर पसरा. एखादा तुकडा सपाट बसत नाही, कड वर उचलली जाते. तिथे कडेपासून आत एक चीर द्या. चीर उघडून इंग्रजी व्हीसारखी फट पडेल. ब्लाउजला टक्स घेतात, तोच हा प्रकार. फोममध्ये ही फट कापून तिच्या कडा जोडल्या की सपाट शीटला छातीची गोलाई येते. सगळे तुकडे पुठ्ठ्यावर उतरवून घ्या.

मनगटपट्टीचं गणित वेगळं. जाड फोम गोल वळवला की आतला घेर आखडतो. १० मिमी फोमला मनगटाच्या मापात ३ सेंमी वाढवा, ५ मिमीला दीड.

कापणी आणि चिकटवणी

कात्रीने जाड फोमची कड तिरकी होते. कटर सरळ उभा धरून, जोर न लावता, एकाच रेघेवरून दोन-तीनदा फिरवा. कड खरखरीत यायला लागली म्हणजे पातं बोथट झालं, टोक मोडून पुढे चला. कटर मोठ्यांनीच हाताळायचा.

गोंदाची कांडी वितळवून लावणारी ग्लू गन सोयीची वाटते, पण उन्हात उभ्या गाडीत पोशाख राहिला की जोड सुटतात. माझे सुटलेत. कॉन्टॅक्ट गोंद लग्नपत्रिकेच्या तुकड्याने दोन्ही कडांना पातळ लावा आणि दहाएक मिनिटं थांबा. घाई इथेच नडते. बोट टेकवल्यावर तार सुटली नाही की एका टोकापासून थोडं थोडं दाबत जोडा. एकदा चिकटलं की सरकवता येत नाही. हे काम बाल्कनीत करा. वाफ डोक्यात जाते आणि पेटही घेते, म्हणून जवळ गॅस, उदबत्ती काही नको. आणि थर्माकोलचा तुकडा जोडायला जाऊ नका, हा गोंद त्याला विरघळवतो.

नक्षी आणि मुखवटा

फोमच्या निम्म्या जाडीपर्यंत कटरने रेघ कापायची आणि तिच्यावर हीट गन, म्हणजे कडक गरम हवा फेकणारं यंत्र, फिरवायची. बघता बघता ती चीर उघडते आणि पत्र्याच्या दोन तुकड्यांमधल्या खाचेसारखी दिसते. सगळ्यात मजा येते ती इथे! त्याच उष्णतेने पृष्ठभाग किंचित चकाकतो, म्हणजे बारीक छिद्रं मिटली. गन नसेल तर हेअर ड्रायरवर २ मिमीची शीट कशीबशी वळते. गॅसच्या ज्योतीवर मात्र अजिबात नाही.

मुखवट्यासाठी २ मिमी शीट बटर पेपरखाली ठेवून इस्त्री काही सेकंद टेकवा आणि मऊ झाली की उपड्या पातेल्यावर दाबून थंड होऊ द्या. डोळ्यांची भोकं चित्रात शोभतील त्यापेक्षा मोठी ठेवा. स्टेजच्या पायऱ्या दिसायला हव्यात.

रंग आणि बांधणी

फेव्हिकॉलमध्ये तितकंच पाणी घालून तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या. जाड हात वाकवल्यावर तडकतो. वर काळा रंग, आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर चंदेरी. झालं.

कुशीत वेल्क्रो, खांद्यावर इलॅस्टिक. खांदा चिकटवून टाकला तर हात वर होत नाही. वेल्क्रोच्या मागचा तयार गोंद फोमवर टिकत नाही, तोही कॉन्टॅक्ट गोंदानेच लावा आणि टोचरी बाजू अंगापासून बाहेर ठेवा. झूल गळ्याभोवती बांधू नका. खांद्यांवर वेल्क्रोने टेकवा, म्हणजे कुणी ओढली तरी निघून हातात येईल. लांबी गुडघ्यापर्यंत पुरे.

आदल्या दिवशी रंगीत तालीम घ्या. हात वर करायला लावा, मांडी घालून बसवा, आणि एकट्याने बाथरूमला जाऊन यायला सांगा. स्पर्धेत नंबर येईपर्यंत दीड तास जातो.

पुठ्ठ्याचे तुकडे पाकिटात घालून वर छातीचं माप आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कुशीत एकेक पट्टी वाढवली की काम भागतं. चिलखतात वर्तमानपत्रं कोंबून ते माळ्यावर उभं ठेवा. दुमडलेल्या फोमची घडी सहजी जात नाही. आमच्याकडे माळ्यावर ते राहतच नाही म्हणा, रविवारी दूध आणायलाही भाचा तेच घालून जातो.