इलेक्ट्रॉन जोड्यांच्या प्रतिकर्षणावरून रेणूचा आकार कसा ओळखावा

रेणूंचे आकार पाठ करत बसण्याची गरज नसते. मध्यवर्ती अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर राहतात, या एका तत्त्वावरून बहुतेक साध्या रेणूंचे आकार काढता येतात. सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये मांडलेल्या या कल्पनेला गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये आजचे रूप दिले.

प्रथम मध्यवर्ती अणूचे संयुजा (सर्वांत बाहेरच्या कवचातील) इलेक्ट्रॉन मोजावेत, एकेरी बंधाने जोडलेल्या प्रत्येक अणूमागे त्यात एक मिळवावा आणि बेरजेला दोनने भागावे. आयन असल्यास भागण्यापूर्वी ऋण प्रभाराइतके इलेक्ट्रॉन मिळवावेत, धन प्रभाराइतके वजा करावेत. बंधांत गुंतलेल्या जोड्या वगळल्या की उरतात त्या एकाकी जोड्या. दुहेरी बंध मात्र एकच गट धरावा, म्हणूनच कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ रेषेत असतो.

तीन जोड्या समतल त्रिकोणात, चार चतुष्फलकात, पाच त्रिकोणी द्विपिरॅमिडमध्ये (तीन मधल्या त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर, उरलेल्या दोन अक्षावर त्याच्या वर आणि खाली) आणि सहा अष्टफलकात मांडल्या जातात. ही झाली जोड्यांची मांडणी. रेणूचा आकार सांगताना फक्त अणूंच्या जागा पाहायच्या असतात, आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. मिथेन, अमोनिया आणि पाणी या तिन्हींत जोड्या चारच आहेत. परंतु एकाकी जोडी बंधजोडीपेक्षा अधिक जागा व्यापते आणि शेजारच्या बंधांना जवळ ढकलते, त्यामुळे बंधकोन मिथेनमधील १०९.५ अंशांवरून अमोनियात सुमारे १०७ आणि पाण्यात १०४.५ अंशांवर येतो.

खरी कसोटी पाच जोड्यांची. क्लोरीन ट्रायफ्लुओराइडमध्ये क्लोरीनचे सात आणि फ्लुओरीनचे तीन मिळून दहा इलेक्ट्रॉन, म्हणजे पाच जोड्या होतात. त्यांपैकी दोन एकाकी. त्या कोठे ठेवायच्या? अक्षावरील जागेला ९० अंशांवर तीन शेजारी असतात, तर मधल्या त्रिकोणातील जागेला दोनच. ९० अंशांवरचे प्रतिकर्षण सर्वांत तीव्र असल्याने दोन्ही एकाकी जोड्या त्रिकोणात जातात, आणि उरलेल्या तीन अणूंचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा होतो. त्याचे दोन्ही बाहू एकाकी जोड्यांमुळे किंचित वाकतात, म्हणून प्रत्यक्ष कोन ९० ऐवजी सुमारे ८७.५ अंश भरतो.

कोनाचा नेमका आकडा मात्र या पद्धतीकडून मागू नये. हायड्रोजन सल्फाइडची मोजणी पाण्यासारखीच येते आणि आकार वाकडा असल्याचे बरोबर कळते, परंतु त्याचा कोन प्रत्यक्षात सुमारे ९२ अंशच असतो.