फेरीच्या धक्क्यावर शूटिंग करणार असाल तर

शाळेचा मीडिया प्रोजेक्ट म्हटला की गोव्यातल्या एखाद्या तरी गटाला फेरीबोट सुचतेच. आम्ही मांडवी नदीवरची रायबंदर-चोडण फेरी घेतली होती. विषय चांगला आहे, बिनधास्त घ्या. मोबाइल आडवा धरायचा, शॉट लिस्ट करायची, बॅटरी भरून न्यायची हे तुम्हाला माहीत असणारच. मी बोलणार आहे ते आवाजाबद्दल, कारण आमचा घात त्यानंच केला.

धक्क्यावर एका जुन्या खलाशाची मुलाखत घेतली. माणूस गप्पिष्ट. 2025 मध्ये रो-रो बोटी (गाड्या थेट चढवता-उतरवता येणाऱ्या मोठ्या फेऱ्या) आल्या, त्याआधीच्या गर्दीच्या गोष्टी रंगवून सांगत होता. हेडफोन लावून ऐकलं, शब्द न् शब्द स्वच्छ. घोळ कळला तो एडिटिंगला बसल्यावर. लांबलचक बोलण्यातून अर्धा-पाऊण मिनिट ठेवायचं म्हणजे तीन-चार तुकडे जोडणं आलं. पहिल्या तुकड्यात मागे बोट धक्क्याला लागलेली, इंजिनाची घरघर चालू. दुसऱ्यात बोट नदीच्या मध्यावर, त्यामुळे सगळं शांत. तिसऱ्यात रॅम्प धाडकन खाली येतोय आणि स्कूटरी सुटल्यात. माणूस सलग बोलतोय असं दिसतं, पण मागचा आवाज दर जोडाला उडी मारतो.

चित्राचा जोड झाकता येतो. मध्ये दोरखंड, पाणी, रांगेतली हेल्मेटं असं काहीतरी टाकलं की झालं. आवाजाचा जोड तसा झाकला जात नाही, कान लगेच पकडतात. त्यात मोबाइलचा आगाऊपणा असा की बोलणारा थांबला की तो आपणहून पातळी चढवतो. म्हणजे दोन वाक्यांमधल्या श्वासातही इंजिन फुगून वर येतं. ‘आवाज एडिटिंगमध्ये बघू’ असं सांगणारा एखादा सीनियर भेटेलच, त्याचं ऐकू नका. नॉइज काढणारी ॲप आम्हीही चालवून पाहिली. घरघर गेली, पण काका पिंपात बसून बोलल्यासारखे झाले.

उपाय फुकटचा आहे. मुलाखत संपली की कुणालाही हलू देऊ नका. तोच फोन, तीच जागा, तेच अंतर ठेवून एक मिनिट नुसता आजूबाजूचा आवाज घ्या. एकदा बोट लागलेली असताना आणि एकदा बोट गेल्यावर. फोन तोच हवा, कारण दुसऱ्या फोनचा माइक तोच धक्का वेगळा ऐकतो. हा आवाज मुलाखतीच्या सगळ्या तुकड्यांखाली एका सलग पट्टीत अंथरायचा, म्हणजे जोड बुजतात. तुमचे गटातले मित्र त्या एका मिनिटात हसतील, खोकतील, ‘झालं काय रे’ विचारतील. पुन्हा घ्या. महत्त्वाचा प्रश्न मात्र बोट सुटून लांब गेल्यावरच विचारा. उत्तराच्या मध्येच भोंगा वाजला तर सरळ सांगायचं, ‘काका, परत एकदा सांगाल?’ कुणी रागावत नाही. उलट दुसऱ्यांदा माणूस थोडक्यात आणि जास्त चांगलं सांगतो.

दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून बोलणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला तर फारच उत्तम. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, दोन्ही आवाज जुळवायला तीच पुरते. दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर ऐन रंगात कुणाच्या तरी आईचा फोन येतो. गिंबलवर (फोन न हलता धरणाऱ्या दांड्यावर) पैसे घालू नका. ते पैसे शर्टाला लावायच्या माइकसाठी आणि वाऱ्यासाठी त्याच्या फोमच्या टोपीसाठी ठेवा.

उजेडाचं सोपं आहे. रायबंदरहून नदी उत्तरेला आहे. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, त्यामुळे इथे माणसामागे नदी घेतली तरी चेहरा उजळ दिसतो. पलीकडे चोडणच्या धक्क्यावर हाच शॉट घेतलात तर मागे लखलखतं पाणी आणि पुढे काळा चेहरा. दुपारी बारा ते तीन ऊन कडक असतं, तेव्हा जेवा आणि सकाळचं फुटेज पाहा.

चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य जवळच आहे म्हणून वाकडी वाट करायची असेल तर वन खात्याला आधी विचारा. ड्रोनचं खूळ तर सोडूनच द्या. दाबोळीला नौदलाचा तळ आहे, आणि परवानग्यांचे कागद शाळेच्या मुदतीत हातात येतील या भरवशावर राहू नका. शाळेचं पत्र मात्र खिशात असू द्या. बोटीवर चढण्याआधी खलाशांना ते दाखवा आणि रॅम्पवर उभे राहू नका. ज्यांची तोंडं ओळखू येतात त्यांना विचारून घ्या. मासळीची पाटी घेतलेली मावशी ‘नाका’ (कोंकणीत ‘नको’) म्हणाली तर नाका. लोक कोंकणीत बोलतील, बोलू द्या. त्यांना ओढूनताणून मराठीत आणलंत तर मुलाखत मेली. मराठी सबटायटलांना किती वेळ लागतो याचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो, म्हणून एक अख्खी संध्याकाळ त्यासाठी वेगळी ठेवा.

नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवात चार सिनेमे पाहून आलेला एक दिग्दर्शक प्रत्येक गटात निघतो. त्याला त्या दिवशी क्लिपांची वही द्या. कुठल्या क्लिपमध्ये काय आहे आणि बोट कुठे होती, हे त्यानं लिहायचं. खरंच उपयोगी काम आहे, शिक्षा नव्हे.

घरी आल्यावर क्लिपा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, दर्जा उतरतो. केबलनं लॅपटॉपवर घ्या, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, दोन्ही उघडून पाहा आणि मगच फोन रिकामा करा.