गेशाचा टॅटू काढताय? या चुका टाळा

टॅटू स्टुडिओच्या कॅटलॉगमध्ये गेशा, म्हणजे नाच-गाण्याने बैठक रंगवणारी जपानी कलावंतीण, हमखास सापडते. पांढरा चेहरा, लालचुटूक ओठ, केसांत फुलं, हातात पंखा. खाली अर्थही दिलेला असतो: सौंदर्य, गूढता, स्त्रीशक्ती. पण त्यातल्या बऱ्याच चित्रांमधली बाई मुळात गेशाच नसते.

ओबीची गाठ न बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि पकडायला सगळ्यात सोपीही हीच. ओबी म्हणजे किमोनोवरचा कमरेचा रुंद पट्टा. गेशा त्याची गाठ पाठीमागे बांधते. चित्रात भलीमोठी गाठ पुढे पोटावर असेल, अंबाड्यातून कासवाच्या कवचाच्या लांब काड्या चहूबाजूंनी निघालेल्या असतील आणि अनवाणी पायांत उंच खडावा असतील, तर ती ओइरान, म्हणजे एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) योशिवारा या गणिकांच्या वस्तीतली वरच्या दर्जाची गणिका. उतामारो या जपानी चित्रकाराच्या छापचित्रांत अशा गणिका पुष्कळ आहेत आणि इंटरनेटवर ती चित्रं सर्रास ‘गेशा’ म्हणून फिरतात.

गेशाचं काम वेगळं. तीन तारांचं शामिसेन वाजवायचं, गायचं, नाचायचं, बैठक रंगवायची. सुरुवातीला हे काम पुरुष करत. बायका त्यात आल्या त्या अठराव्या शतकात. १७७९ मध्ये योशिवारात गेशांची नोंद ठेवणारी कचेरी निघाली. गणिकांच्या धंद्यात त्यांनी पडू नये, कपडे-दागिने साधे ठेवावेत, असे नियम झाले. तरीही लोकांनी दोघींना एकाच मापानं मोजलं. लावणीच्या कलावंतिणींच्या वाट्याला काय आलं हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये.

टॅटू आधीच काढून झाला असेल आणि गाठ पुढे असेल, तर तो खोडायची गरज नाही. ओइरान हाही जपानी चित्रकलेतला भारदस्त विषय आहे. ‘जिगोकु दायू’ ही नरकाची दृश्यं रंगवलेला झगा घालणारी दंतकथेतली गणिका; कुनियोशी आणि क्योसाई या दोन्ही चित्रकारांनी ती रंगवली. फक्त तिला गेशा म्हणू नका.

किमोनो उलटा

किमोनोची घालणाऱ्याच्या डावीकडची बाजू उजवीवर येते. उजवी डावीवर आली, तर तो प्रेताचा पेहराव. नेटवरून घेतलेलं चित्र कोणीतरी आधीच फिरवलेलं असतं, किंवा मांडणीसाठी आर्टिस्ट स्टेन्सिल (कातडीवर आधी उमटवायचा आराखडा) फिरवतो, आणि दंडावर मेलेली बाई उतरते. सुई लागण्याआधी स्टेन्सिल नीट बघा: समोरून पाहताना गळपट्टीचा आकार इंग्रजी छोट्या ‘वाय’सारखा दिसला पाहिजे. मात्र आरशात किंवा सेल्फीत बघून घाबरू नका, तिथे सगळंच उलट दिसतं. खरंच चुकलं असेल, तर गळ्यापाशी पंखा किंवा फुलं आणून बहुतेक वेळा झाकता येतं.

माइको आणि ऋतू

केसांतून लोंबणारी फुलं, लाल गळपट्टी आणि पाठीवर लांब सोडलेला ओबी ही खूण क्योटोतल्या शिकाऊ गेशेची, म्हणजे माइकोची. पहिल्या वर्षी तर ती फक्त खालचा ओठ रंगवते. शिक्षण संपलं की गळपट्टी पांढरी होते आणि स्वतःच्या केसांऐवजी टोप येतो. माइकोची फुलं महिन्यागणिक बदलतात: एप्रिलात साकुरा (चेरीची फुलं), मेमध्ये विस्टेरिया, नोव्हेंबरात लाल मेपल. केसांत मेपल आणि मागे बहरलेला साकुरा काढला, तर जाणकार जपानी माणसाला ते खटकणारच. आपल्याला वसंत हवाय की शरद, हे आधी ठरवा. टॅटूचा अर्थ बराचसा तिथून येतो.

पांढऱ्या शाईचा हट्ट

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर पांढरी शाई वर्षा-दोन वर्षांत पिवळट किंवा फिकट पडू शकते. म्हणून चेहऱ्याची जागा कोरी ठेवून घ्या आणि केस, पार्श्वभूमी गडद करा. चेहरा आपोआप उजळतो. चेहरा फार छोटाही नको. बारीक रेषा कालांतराने पसरतात आणि डोळे-ओठ एकमेकांत मिसळतात.

‘पारंपरिक’ म्हणून मिरवणं

जुन्या जपानी गोंदणात गेशा हा मुख्य विषय नव्हताच. कुनियोशीने १८२७ च्या सुमारास चिनी कथेतल्या गोंदलेल्या वीरांची चित्रमालिका सुरू केली आणि ड्रॅगन, कोई मासे, वीर यांची लाट आली. गेशा पाश्चात्त्य ग्राहकांच्या आवडीने पुढे आली. त्यामुळे कॅटलॉगमधला ठरीव अर्थ फार मनावर घेऊ नका.

जपानला जायचं असेल, तर आणखी एक. गोंदण १८७२ ते १९४८ बेकायदा होतं, आणि आजही अनेक ओनसेनमध्ये (गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या स्नानगृहांत) टॅटूवाल्यांना प्रवेश नाही. आधी विचारून घ्या. टॅटूशेजारी खरी माइको उभी करून फोटो काढायचा बेतही सोडा. क्योटोतल्या गिओन या गेशांच्या वस्तीतल्या खासगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांना बंद आहेत, आणि दिवसाढवळ्या निवांत पोझ देणारी ‘माइको’ बहुतेक वेळा भाड्याच्या पोशाखातली पर्यटकच असते. खऱ्या बघायच्या असतील, तर एप्रिलात क्योटोत होणाऱ्या ‘मियाको ओदोरी’चं तिकीट काढा. गंमत म्हणजे हा नृत्यसोहळाही १८७२ मध्येच सुरू झाला.