पाणथळावर निसर्ग शिक्षण केंद्र करताय? प्लॅन काढायच्या आधी हे वाचा

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यासारख्या जागी केंद्र करायचं म्हटलं की पहिली चर्चा हॉल केवढा आणि प्रोजेक्टर कुठं याचीच होते. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी हिवाळ्यात चार-पाच पहाटा आणि एकदा भर पावसात तिथं जाऊन नुसतं बसा. गोदावरी-कादवाच्या संगमावर बंधारा झाला, मागं गाळ साचत गेला, त्यातून उथळ पाणी, बेटं, गवत तयार झालं आणि पक्षी येतात ते त्याच्यासाठीच. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ) म्हणून जाहीर झालं ते पण यामुळंच. खरा वर्ग बाहेर आहे, बिल्डिंग छोटीच ठेवा.

जागा गावाला लागून घ्या, पाण्याला लागून नको. २०१७ च्या पाणथळ नियमात सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नको असं आहे, आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय तर काहीच करायचं नाही. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की गोदावरी कुठपर्यंत येते ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते बोट दाखवून सांगतात, जोतं त्याच्या वर घ्या. काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्या. संडासाचं पाणी तलावाकडं झिरपता कामा नये, यात अजिबात तडजोड नको.

आता निरीक्षण कुटी, म्हणजे आत लपून फटीतून पक्षी बघायची झोपडी, सगळ्यात जास्त डोकं इथं लावा. एकदा चौथीतली एक मुलगी टाचा उंचावून, हनुवटी फळीवर टेकवून बघायचा प्रयत्न करत होती आणि तिला नुसतं आभाळ दिसत होतं, कारण फट मोठ्या माणसाच्या उंचीला केलेली. म्हणून दोन फटी ठेवा, एक साधारण तीन फुटांवर (व्हीलचेअरवाल्यांनाही तीच लागते) आणि एक पाच फुटांवर. शाळा सकाळी येतात, तेव्हा कुटीचं तोंड पश्चिमेला ठेवा म्हणजे ऊन पाठीमागून येतं आणि जांभळ्या पाणकोंबडीचा जांभळा रंग खरंच जांभळा दिसतो, नाहीतर सगळे पक्षी काळे. कुटीपर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूंनी बांबूचे तट्टे लावा, माणसं चालताना दिसली की चक्रवाक लगेच उडतात. मोठ्या काचा नकोतच, त्यात झाडं-आभाळ दिसतं आणि पक्षी येऊन आदळतात.

आत फार तक्ते नकोत. एक पांढरा ट्रे, त्यात तलावाचं मगभर पाणी, आणि हातात भिंग. चतुराची अळी शेपटाकडून पाणी सोडून पुढं सटकते ते एकदा बघितलं की पोरं ट्रे सोडत नाहीत. नंतर पाणी आणि जीव जिथून आणले तिथंच हळू सोडायचे, ते काम पोरांनाच द्या.

आणि गाईड गावातलेच घ्या, मासेमारी करणारे पण. कुठल्या बेटावर कोण कधी उतरतं हे त्यांना पाठ असतं, मानधन ठरवा आणि ते पहिल्या बजेटमध्येच लिहा.