चोरीला गेलेली गाडी सापडली, आता क्लेम कसा सेटल करायचा

मागच्या वर्षी माझ्या मेव्हण्याची कार पुण्यात धायरीत सोसायटीच्या गेटबाहेरून रात्रीत गेली. एफआयआर झाली, इन्शुरन्स कंपनीला कळवलं, दोन्ही चाव्या आणि आरसी देऊन टाकली आणि दीड महिन्यानी पोलिस स्टेशनमधून फोन, गाडी सोलापूर रोडला सापडलीय. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. संध्याकाळी कंपनीच्या माणसाचा फोन, "गाडी मिळाली ना साहेब, मग क्लेम क्लोज करून टाकू, एक सही लागेल." ती सही केली असती तर लाखावर रुपये पाण्यात गेले असते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी बघा की क्लेमचे पैसे खात्यात आलेत का. आले असतील तर गाडी आता कंपनीची, कारण पैसे देताना त्यांनी सब्रोगेशन लेटर (गाडीवरचा आपला हक्क कंपनीला देणारं पत्र) आणि ट्रान्सफरचे फॉर्म सही करून घेतलेले असतात. मग पोलिसांचा फोन आला की कंपनीला लेखी कळवायचं, परस्पर जाऊन गाडी सोडवून आणायची नाही. जीव अडकला असेल गाडीत तर कंपनीशी बोलून बघा, पण निर्णय त्यांचा.

पैसे आले नसतील तर खरा प्रश्न इथे सुरू होतो. गाडी सापडेपर्यंत तुमचा क्लेम पूर्ण आयडीव्हीचा (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) होता, सापडली की तो नुकसानीचा क्लेम होतो, पण संपत नाही. चोरांनी जे तोडलं, काढून नेलं, ते पॅकेज पॉलिसीत, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या पॉलिसीत, बसतं (नुसती थर्ड पार्टी असेल तर चोरीचंच काही मिळत नाही). आणि रिपेअर करून द्यायची का रोख द्यायची हे ठरवायचा हक्क पॉलिसीप्रमाणे कंपनीकडे असतो, त्यामुळे "मला गाडी नको, आयडीव्हीच द्या" असं नुसतं म्हणून चालत नाही, त्याला आकडा लागतो. तो आकडा म्हणजे ७५ टक्के. गाडी आणण्याचा आणि रिपेअरचा मिळून खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस (गाडी पूर्ण गेली असं धरून आयडीव्ही देतात), खाली राहिला तर रिपेअर.

मेव्हण्याची आयडीव्ही ३,६०,००० होती, म्हणजे रेष २,७०,००० वर. आता एस्टिमेट किती येतंय ते बघायचं, पण त्यासाठी गाडी हातात पाहिजे आणि ती पोलिसांकडे मुद्देमाल म्हणून जमा असते. कोर्टात अर्ज करावा लागतो, पुण्यातली केस असेल तर बहुतेक शिवाजीनगरला. पोलिसांचं म्हणणं येतं, मग सुपुर्दनाम्यावर (कोर्टाच्या अटी मान्य असल्याचं लिहून देऊन) गाडी मिळते. २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई निकालात सुप्रीम कोर्टानी सांगितलंय की अशा गाड्या पोलिस स्टेशनच्या आवारात सडत ठेवू नका, वकील अर्जात हाच निकाल टाकतात. एक गोष्ट मात्र नीट वाचा, ऑर्डरच्या अटी. विकायची नाही, रंगरूप बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायची, अशा अटी असतात. म्हणजे पत्रा बदलणं, पेंट करणं किंवा टोटल लॉस म्हणून कंपनीला देणं यासाठी आधी कोर्टाची परवानगी लागू शकते, ते वकिलाला अर्ज करतानाच विचारून घ्या.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. आम्ही गेलो तेव्हा लॉक फोडलेलं, स्टिअरिंगखालून वायरी लोंबतायत, स्टेपनी नाही, स्टिरिओच्या जागी भोक, आणि मागच्या सीटच्या फटीत भाचीची गुलाबी वॉटरबॅग तशीच. ती बघून मेव्हण्याला रडूच आलं. पण पंचनाम्यात काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय गायब आहे हे तिथेच ताडून बघा, व्हिडिओ काढा, किलोमीटरचा फोटो घ्या. आणि चॅसिस नंबर फडक्यानी पुसून टॉर्च मारून आरसीशी जुळवा. घासलेला किंवा परत पंच केलेला वाटला तर लगेच तपास अधिकाऱ्याला आणि सर्व्हेअरला (कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस) लेखी द्या, कारण अशा गाडीचं पुढे आरटीओत नाव बदलणं, विकणं सगळंच अवघड होतं.

मग गाडी टो करूनच वर्कशॉपला, चालवत न्यायची नाही. सर्व्हेअर यायच्या आधी काही खोलू नका आणि तो आला की पूर्ण खोलून एस्टिमेट करायला लावा, कारण वरवर बघून केलेल्या एस्टिमेटमधे वायरिंग, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे सगळं सुटतं आणि खरा खर्च तिथेच असतो.

आमचं आलं १,७०,०००. रेषेच्या बरंच खाली, म्हणजे रिपेअर. पण १,७०,००० मिळत नाहीत, डेप्रिसिएशन, म्हणजे पार्ट जुने झाल्याची घट, कापतात. गाडी साडेचार वर्षांची, झिरो डेप (ही घट न कापणारं जादा कव्हर) नव्हतं. टायर-बॅटरी ३०,००० त्याचे निम्मे, प्लॅस्टिक-रबर २४,००० त्याचे निम्मे, धातूचे आणि बाकीचे पार्ट ७०,००० त्यातले ३५ टक्के वजा, काच ८,००० आणि मजुरी २२,००० पूर्ण, पेंटिंग १६,००० मधले २,००० वजा. झाले १,१६,५००, त्यातून कंपल्सरी डिडक्टिबल (क्लेममधे आपण सोसायचाच वाटा) १,०००. हातात १,१५,५०० आणि खिशातून ५४,५००. शिवाय पुढच्या वर्षी एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममधे मिळणारी सूट) जातो, तोही धरा. हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय हो म्हणू नका, कारण नुकसान किरकोळ असेल तर क्लेम न घेणंच परवडतं.

आकडा रेषेच्या आसपास असेल तर आणखी दोन वाटा विचारा. एक कॅश लॉस, म्हणजे रिपेअर न करता ठरलेली रक्कम घ्यायची. दुसरी नेट ऑफ साल्व्हेज, म्हणजे आयडीव्हीतून भंगाराची किंमत वजा करून पैसे घ्यायचे आणि गाडी स्वतःकडे ठेवायची. माझं मत विचाराल तर दीड महिना कुणाच्या हातात काय झालं माहीत नाही अशी गाडी घरच्यांना चालवायला देण्यापेक्षा रेषेच्या वर गेली तर सोडून द्यावी. लोन असेल तर पैसे आधी बँकेला जातात, म्हणून बाकी किती आहे ते बघूनच ठरवा.

सही सगळ्यात शेवटी. डिस्चार्ज व्हाउचरवर (रक्कम मान्य असल्याचा कागद) "पूर्ण व अंतिम" असेल आणि रक्कम पटत नसेल तर आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला मेल टाका. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातच नारायण पेठेत आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा देतात. "उशिरा कळवलं" म्हणून क्लेम नाकारला पण एफआयआर वेळेत असेल तर सुप्रीम कोर्टाचा २०२० चा गुरशिंदर सिंग निकाल तक्रारीत जोडा.

आणि रिपेअर होऊन गाडी घरी आली की चोरीची नोंद काढून घ्यायला विसरू नका. पोलिसांकडून पत्र घेऊन आरटीओत द्या, मधल्या काळातली ई-चलनं एफआयआरची कॉपी लावून रद्द करायचा अर्ज करा, आणि ती नोंद निघेपर्यंत कोर्टाच्या ऑर्डरची झेरॉक्स डॅशबोर्डमधे ठेवा. मेव्हण्याला कात्रजला नाकाबंदीत थांबवलं तेव्हा तीच दाखवून तो दहा मिनिटात सुटला.