पायथनचं एन्व्हायर्नमेंट क्लोन करायचंय? फोल्डर कॉपी करू नका

व्हेन्व्हचा (एका प्रकल्पाची पायथन पॅकेजं वेगळी ठेवणाऱ्या एन्व्हायर्नमेंटचा) फोल्डर कॉपी करून दुसऱ्या नावाने ठेवला की नवं एन्व्हायर्नमेंट तयार, असं सर्रास सांगितलं जातं. सांगणाऱ्याने कॉपी केल्यावर पिप (पॅकेजं टाकणारं साधन) चालवून पाहिलेलं नसतं.

‘जुना’ हा फोल्डर ‘नवा’ नावाने कॉपी करा आणि नवा/बिन/पिप ही फाइल एडिटरमध्ये उघडा. पहिली ओळ अशी असेल (सोयीसाठी कमांड आणि पाथ इथे देवनागरीत दिले आहेत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाइप करा):

#!/होम/काम/जुना/बिन/पायथन3

ही फाइल कोणत्या पायथनने चालवायची ते ही ओळ सांगते. घर नवं, दारावरची पाटी जुनीच. व्हेन्व्ह तयार होतानाच पूर्ण पाथ आत लिहिला जातो. बिन/अ‍ॅक्टिव्हेटमध्येही, म्हणजे एन्व्हायर्नमेंट सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्येही, तोच असतो. त्यामुळे ‘नवा’मधलं अ‍ॅक्टिव्हेट चालवलंत तरी सुरू होतं ते ‘जुना’. प्रॉम्प्टपुढे कंसात जुनंच नाव येतं, पण घाईत ते कोण वाचतो? मग प्रयोग म्हणून एखादं पॅकेज अपग्रेड होतं, आणि ज्याला हात लागू नये म्हणून हा खटाटोप केला तेच बिघडतं. फसगत अशी की नवा/बिन/पायथन थेट चालवलं तर सगळं व्यवस्थित इम्पोर्ट होतं, कारण पायथन आपली जागा फोल्डरमधल्या पायव्हेन्व्ह.सीएफजी फाइलवरून ओळखतो. पुढे जुना फोल्डर उडवला की ‘नवा’मधला पिप ‘बॅड इंटरप्रिटर’ (चालवणारा पायथनच सापडत नाही) म्हणून बसतो, आणि अ‍ॅक्टिव्हेट करूनही सिस्टिमचाच पायथन चालू लागतो.

सगळ्या फाइलींत पाथ बदलून टाका, असंही काही जण सुचवतात. नको. विंडोजवर तर हा पाथ पिप.ईएक्सईच्या आतच बसवलेला असतो. व्हेन्व्ह हलवायचं नसतं, नव्याने उभं करायचं असतं.

त्यासाठी जुन्यात:

पायथन --व्हर्जन
पायथन -एम पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

पहिली ओळ गाळू नका. फ्रीझ टाकलेल्या पॅकेजांची आवृत्तींसह यादी देतो, पण पायथनची आवृत्ती नोंदवत नाही. पायथन 3.11 वर काढलेली, नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) 1.24 असलेली यादी पायथन 3.12 वर चालवलीत तर तयार व्हील (आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज) मिळत नाही. पिप सोर्समधून बांधायला जातो आणि कोसळतो. पायथन 3.12 साठीची व्हील्स नमपाय 1.26 पासून आहेत.

आता यादी उघडून डोळ्यांखालून घाला. ‘@ फाइल:///’ असलेल्या ओळी दुसऱ्या मशीनवर हमखास अडतात, कारण त्या पॅकेज जिथे बांधलं गेलं तिथल्या फोल्डरकडे बोट दाखवतात. कोंडाने (पॅकेजं आणि एन्व्हायर्नमेंट सांभाळणारं दुसरं साधन) टाकलेल्या पॅकेजांत हे नेहमीचं. यावर पायथन -एम पिप लिस्ट --फॉरमॅट=फ्रीझ वापरा, पण एक धोका आहे: एडिटेबल इन्स्टॉल केलेलं (म्हणजे थेट सोर्स फोल्डरमधून चालणारं) तुमचं स्वतःचं पॅकेजही त्यात साध्या नाव-आवृत्तीने येतं, आणि पिप ते पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारात) शोधतो. त्याच नावाचं, त्याच आवृत्तीचं परक्याचं पॅकेज तिथे असेल तर तेच तुमच्याकडे येईल. ती ओळ हाताने काढा.

मग नवं बनवा (3.11 च्या जागी वर दिसलेली तुमची आवृत्ती):

पायथन3.11 -एम व्हेन्व्ह नवा
नवा/बिन/पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

नुसतं ‘पिप’ कधीच लिहू नका. ‘पायथन -एम पिप’ लिहिलंत की कुठल्या पायथनमध्ये भर पडतेय याची शंकाच उरत नाही. शेवटी नवा/बिन/पायथन -एम पिप चेक (पॅकेजं एकमेकांशी जुळतात का ते पाहायला), आणि जुन्या-नव्या दोन्हींच्या फ्रीझ यादीचा डिफ, म्हणजे फरक.

कोंडामध्ये त्याच मशीनवर काम एका ओळीचं:

कोंडा क्रिएट --नेम नवा --क्लोन जुना

पिपने टाकलेली पॅकेजंही सोबत येतात. पण एडिटेबल पॅकेजचा सोर्स दोन्हींत एकच राहतो. तिथे कोड बदललात तर दोन्हीकडे बदलला.

दुसऱ्या मशीनसाठी ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसरचा प्रकार तोच असेल तर कोंडा लिस्ट --एक्स्प्लिसिट (प्रत्येक पॅकेजचा नेमका पत्ता देणारी यादी) सर्वांत काटेकोर. सिस्टिम वेगळी असेल तर कोंडा एन्व्ह एक्स्पोर्ट --फ्रॉम-हिस्टरी (तुम्ही स्वतः मागितलेल्या पॅकेजांचीच यादी). नुसत्या --नो-बिल्ड्सवर (फक्त बिल्डचा तपशील वगळणारा पर्याय) भागत नाही, कारण लिनक्सपुरती असलेली पॅकेजं यादीत तशीच राहतात आणि विंडोजवर ‘पॅकेज सापडलं नाही’ येतं. मात्र --फ्रॉम-हिस्टरीमध्ये पिपची पॅकेजं येत नाहीत, ती वेगळी जोडावी लागतात. आणि आधी कोंडा, शेवटी पिप. पिपनंतर पुन्हा कोंडा इन्स्टॉल केलंत तर पिपने टाकलेल्या फाइलींवर तो बिनदिक्कत लिहितो.

काढून टाकताना व्हेन्व्हचा फोल्डर खुशाल डिलीट करा. कोंडासाठी कोंडा एन्व्ह रिमूव्ह --नेम जुना. त्यानंतरही डिस्कवर जागा सुटली नाही तर गोंधळू नका: पॅकेज कॅश त्याच डिस्कवर असेल तर कोंडा हार्ड लिंक (त्याच फाइलला दुसरं नाव) वापरतो, त्यामुळे फाइली कॅशमध्ये शिल्लक असतात. कोंडा क्लीन --ऑल चालवा.