जुनं लिमिटेड एडिशन घड्याळ ऑनलाइन घेताना

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, सोनं घेताना आपण हॉलमार्क बघतो, तसा इथं आवृत्तीचा क्रमांक, म्हणजे मोजक्या नगांपैकी हा कितवा, ते बघा. ओमेगा कंपनीचं २०१५ चं ‘सिल्व्हर स्नूपी’ स्पीडमास्टर हे स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ फक्त १९७० नग निघालं. त्यावर २३०० क्रमांक दिसला तर तिथंच थांबा. सिरीयल नंबर वेगळा असतो, तो वॉरंटी कार्डाशी जुळवा. नुसत्या फोटोंवर जाऊ नका. आजचा पेपर शेजारी ठेवून, घड्याळातलं स्टॉपवॉच चालवून दाखवणारा व्हिडिओ मागा. कागदपत्रं नसतील तर मी तरी स्वस्तातही घेणार नाही, पुढं विकताना तीच अडचण येते. कोल्हापुरात पार्सल आलं की उघडतानाचं चित्रीकरण करा. परतीची मुदत संपायच्या आत जाणत्या घड्याळजीकडून आतलं मशीन तपासून घ्या. झाकण उघडायला हरकत नसल्याचं विक्रेत्याकडून आधीच लेखी घ्या.